तीन तारांतील विषमता आणि मोटरीचे आयुष्य



आपल्या बेळगाव-खानापूर भागात मोटर जळाली, की तिच्या मालकाच्या तोंडून बहुधा एकच वाक्य बाहेर पडते : "व्होल्टेज कमी होतं, म्हणून जळाली." पिठाच्या गिरणीचा चालक हेच म्हणतो, मागावर बसणारा विणकर हेच म्हणतो, आणि उसाला पाणी पाजण्यासाठी रात्री अंथरुणातून उठून विहिरीवर गेलेला शेतकरीही हेच म्हणतो. हे कारण अगदीच खोटे असते असे नव्हे. परंतु पुष्कळदा ते अपुरे असते. तिन्ही तारांवरचा दाब सारखाच कमी असेल, तर मोटर तो बऱ्याच अंशी सोसते. तिला सोसवत नाही ती विषमता. एका तारेवर दाब पुरेसा आहे, दुसरीवर जवळपास तेवढाच आहे आणि तिसरीवर मात्र थोडासा कमी आहे, अशी स्थिती आली म्हणजे तिचे आयुष्य झपाट्याने झिजू लागते. आणि हा 'थोडासा' शब्द किती फसवा आहे, ते आज आपणांस सांगावयाचे आहे.

प्रथम या यंत्राची मूळ कल्पना पाहू. आपण जिला नुसती 'मोटर' म्हणतो, ती बहुधा इंडक्शन मोटर असते. तिच्या स्थिर भागात तांब्याच्या तारेची वेटोळी तीन गटांत बसविलेली असतात, आणि तीन तारांतून येणारी वीज त्या तीन गटांना एकापाठोपाठ एक, ठरावीक अंतराने, चुंबकत्व देते. मध्यभागी एका माणसाला उभे करून भोवती तिघांनी समान अंतरावर उभे राहावे आणि पाळीपाळीने त्याला आपल्याकडे वळवावे, तसा काहीसा हा प्रकार आहे. परिणाम असा होतो, की स्थिर वेटोळ्यांच्या आत एक चुंबकीय क्षेत्र गरगर फिरू लागते, आणि आतील लोखंडी फिरता भाग, ज्यात तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या दांड्या पिंजऱ्यासारख्या बसविलेल्या असतात, तो त्या क्षेत्राच्या मागे धावू लागतो. त्याला वीज नेण्यासाठी कोणतीही तार जोडावी लागत नाही. फिरत्या क्षेत्रामुळे त्याच्या दांड्यांत आपोआप प्रवाह उत्पन्न होतो.

फिरत्या क्षेत्राची ही कल्पना १८८८ साली इटलीतील तुरीन येथे गॅलिलेओ फेरारिस यांनी आणि अमेरिकेत निकोला टेस्ला यांनी जवळजवळ एकाच वेळी जगापुढे मांडली. पुढच्याच वर्षी दोलिवो-दोब्रोव्होल्स्की या रशियन अभियंत्याने जर्मनीत तीन फेजची पिंजऱ्याची मोटर सिद्ध केली. (ज्या १८८८ सालापासून किर्लोस्करांच्या उद्योगाची गणना होते, ते हेच साल. तो उद्योग आपल्या बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरू झाला, आणि त्याच घराण्याची मोटरी बनविणारी कंपनी पुढे १९४६ साली बंगळूरला निघाली. योगायोग आहे खरा, पण बेळगावकराला तो सांगितल्यावाचून राहवत नाही.)

आता मुद्द्याची गोष्ट. तिन्ही तारांवरचा दाब अगदी समान असेल, तर हे फिरते चुंबकीय क्षेत्र सर्व दिशांना सारख्याच जोराचे राहते. ते एखाद्या बाणासारखे आहे असे मानले, तर त्या बाणाचे टोक फिरताना अचूक वर्तुळ काढते. एका तारेवरचा दाब कमी झाला, की हे वर्तुळ बिघडते आणि त्याचे लंबवर्तुळ होते. बाण एका दिशेला लांब होतो, दुसऱ्या दिशेला आखूड होतो. येथपर्यंतचे आपणांस सहज पटेल. पण याच्या पुढची पायरी तितकी सहज सुचणारी नाही. हे लंबवर्तुळ म्हणजे वस्तुतः दोन वर्तुळांची बेरीज असते : एक मोठे वर्तुळ, मोटर ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने फिरणारे, आणि दुसरे एक लहान वर्तुळ, नेमके उलट्या दिशेने फिरणारे. म्हणजे असमान दाबावर चालणाऱ्या प्रत्येक मोटरीच्या पोटात एक लहानशी उलटी फिरू पाहणारी मोटर दडून बसलेली असते, आणि ती आपले काम निष्ठेने करीत असते. तिचे काम म्हणजे पहिलीला अडविणे.

चार्ल्स फोर्टेस्क्यू नावाचा, कॅनडात जन्मलेला आणि अमेरिकेत वेस्टिंगहाऊस कंपनीत काम करणारा अभियंता होता. असमान दाबावर इंडक्शन मोटर कशी वागते, या प्रश्नाचे गणित करण्याचे काम १९१३ साली त्याच्याकडे आले. त्या गणितातून त्याला असे आढळून आले, की कितीही वेडेवाकडे असलेले तीन दाब घेतले तरी त्यांची फोड समान घटकांच्या गटांत करता येते : एक सुलटा फिरणारा गट, एक उलटा फिरणारा गट, आणि एक न फिरणारा गट. १९१८ साली अमेरिकेतील विद्युत-अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्याने आपला दीर्घ निबंध वाचला. आज जगातील कोणत्याही वीजजाळ्यातील बिघाडाचे गणित याच रीतीने केले जाते. एवढ्या मोठ्या शास्त्राचा उगम आपल्या गिरणीवाल्याच्या तक्रारीशी अगदी जवळचा आहे, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

हा उलटा गट दिसावयास लहान असतो, मग तो एवढे नुकसान कसे करतो? यासाठी आपणांस मोटरीच्या सुरुवातीच्या क्षणाकडे पाहावे लागेल. मोटर बटण दाबताच जो प्रवाह घेते, तो तिच्या नेहमीच्या पूर्ण प्रवाहाच्या सुमारे सहा पट असतो, कारण फिरता भाग अजून उभा असतो आणि चुंबकीय क्षेत्र त्याच्यावरून पूर्ण वेगाने धावत असते. भाग वेग घेऊ लागला, क्षेत्राच्या बरोबरीला आला, की प्रवाह उतरतो. हे झाले सुलट्या क्षेत्राचे. उलट्या क्षेत्राच्या दृष्टीने मात्र फिरता भाग कधीच बरोबरीला येत नाही. तो समोरून अंगावर येत असतो. मिनिटाला १४४० फेरे घेणारी एक साधी मोटर घ्या. तिचे सुलटे क्षेत्र १५०० फेरे घेते, म्हणजे दोघांत फरक अवघा ६० फेऱ्यांचा, आणि दांड्यांत उत्पन्न होणाऱ्या प्रवाहाची वारंवारता सेकंदाला जेमतेम २. उलटे क्षेत्रही १५०० फेरेच घेते, पण विरुद्ध दिशेने, म्हणून दोघांतील अंतर २९४० फेऱ्यांचे होते आणि प्रवाहाची वारंवारता सेकंदाला ९८ पर्यंत चढते. सारांश, उलट्या दाबाला ही चालती मोटर जवळजवळ उभ्या मोटरीसारखीच दिसते, आणि म्हणून तो थोडा असला तरी सुरुवातीच्या हिशेबाने, सहा पटींनी, प्रवाह ओढतो. दाबातील विषमता एक टक्का असेल, तर प्रवाहातील विषमता सहा ते दहा टक्के निघते, ती यामुळे.

शिवाय या ९८ आवर्तनांच्या प्रवाहाला एक खोड असते. तो दांडीच्या सबंध जाडीतून वाहत नाही, वरच्या कडेशी दाटी करून वाहतो. जागा अपुरी झाली म्हणजे रोध वाढतो, आणि रोध वाढला म्हणजे उष्णता वाढते. ही उष्णता फिरत्या भागात उत्पन्न होत असल्यामुळे बाहेरच्या साध्या रिलेला तिचा पत्ता लागत नाही. मोटरीचा आवाज जड होतो, बैठकीवर हात ठेवला तर कंप जाणवतो, बेअरिंग लवकर खराब होते. मालक बेअरिंग बदलतो, आणि खरे कारण तसेच राहते.

आता काही आकडे घेऊ. विषमता मोजण्याची रीत सोपी आहे, आमच्या शाळेतील आठवीच्या मुलालाही येईल. तिन्ही जोड्यांमधील दाब मोजा, त्यांची सरासरी काढा, सरासरीपासून सर्वांत दूर असलेल्या आकड्याचे अंतर घ्या आणि त्याला सरासरीने भागून शंभराने गुणा. समजा, मोजलेले आकडे ४२०, ४१५ आणि ३९५ व्होल्ट आले. सरासरी झाली ४१०, सर्वांत दूरचा आकडा ३९५, अंतर १५, म्हणजे विषमता सुमारे ३.७ टक्के. हे तीन आकडे पाहून कोणाही मालकाला भय वाटणार नाही. त्यातून पुष्कळ स्टार्टरांच्या पेटीवरचा व्होल्टमीटर एकाच जोडीला जोडलेला असतो. ती जोडी ४२० ची असली, तर दाब उत्तम आहे असे समजून तो निश्चिंतपणे बटण दाबतो.

परंतु अभियंत्यांचा ठोकताळा असा आहे, की विषमतेच्या टक्क्यांचा वर्ग करून त्याची दुप्पट केली, म्हणजे वेटोळ्यांच्या तापमानात होणारी वाढ किती टक्क्यांनी अधिक होईल ते कळते. ३.७ टक्क्यांना ही वाढ सुमारे २७ टक्के येते. पूर्ण भारावर जी मोटर भोवतालच्या हवेपेक्षा ८० अंशांनी तापत असे, ती आता १०० अंशांहून अधिक तापेल. वेटोळ्यांवरील वार्निश आणि कागद यांच्याविषयी दुसरा एक जुना ठोकताळा आहे : मर्यादेपलीकडे दर १० अंशांना त्यांचे आयुष्य निम्मे होते. २० अंश वाढले, तर आयुष्य पावपट उरते. बारा वर्षे चालावयाची मोटर तीन वर्षांत दुकानात येते, आणि आलेल्या दिवशी तारेवरचा दाब ठीक असल्यामुळे कारण कोणालाच सापडत नाही. याउलट तिन्ही जोड्यांवर ३९० व्होल्ट असते, तर विषमता शून्य. प्रवाह सहा-सात टक्क्यांनी वाढला असता, मोटर थोडी अधिक तापली असती, आणि बहुधा निभावून गेली असती. 'व्होल्टेज कमी होतं' हे उत्तर मला पटत नाही, ते याच हिशेबामुळे.

अमेरिकेतील मोटर-उत्पादकांच्या संघटनेने यासाठी एक कोष्टकच घालून दिले आहे. विषमता एक टक्क्याच्या आत असेल, तर मोटरीकडून पूर्ण काम घ्यावे. तीन टक्के असेल, तर जवळजवळ नऊ-दशांश घ्यावे. पाच टक्क्यांना तीन-चतुर्थांश, आणि पाचापलीकडे मोटर मुळी चालवूच नये. आपल्या वरच्या उदाहरणात १० अश्वशक्तीच्या मोटरीवर साडेआठ अश्वशक्तीहून अधिक भार टाकणे योग्य नव्हे. पण चक्कीच्या पाळ्यांना हे कोण सांगणार?

विषमतेची पराकाष्ठा म्हणजे एक तार सर्वस्वी जाणे. फेज गेला, असे आपण म्हणतो. उभी मोटर दोन तारांवर सुरूच होत नाही, नुसती गुणगुणते. चालती मोटर मात्र चालत राहते, आणि अनर्थ होतो तो त्यामुळेच. उरलेल्या दोन तारांतून सुमारे पावणेदोन पट प्रवाह वाहू लागतो. वेटोळी डेल्टा पद्धतीने जोडलेली असतील, तर त्यांपैकी एका गटातून दुप्पट प्रवाह जातो आणि इतर दोन गटांतून नेहमीएवढाच. येथे रिले कसा चकतो पाहा. मोटरीवर सहा-दशांश भार असताना फेज गेला, तर तारेतील प्रवाह पूर्ण प्रवाहाच्या जेमतेम बरोबरीला येतो, आणि रिले स्वस्थ बसतो. आतल्या त्या एका गटातून मात्र त्याच्या शक्तीपेक्षा पाचवा हिस्सा अधिक प्रवाह वाहत असतो.

मोटरी भरणाऱ्या कारागिराच्या दुकानात एकदा अवश्य जाऊन बसावे. शाळेच्या टाकीवरचा पंप जळाला, तेव्हा मी अशा एका दुकानात अर्धा दिवस घालविला होता. तो कारागीर फार शिकलेला नव्हता, पण जळलेल्या वेटोळ्यांकडे पाहून त्याने एका दृष्टिक्षेपात निदान सांगितले. सगळी वेटोळी सारखीच काळी पडलेली असतील, तर भार जास्त झाला किंवा पंप अडकला. स्टार जोडणीत दोन गट काळे आणि एक गट नव्यासारखा लखलखीत असेल, किंवा डेल्टा जोडणीत एकच गट काळा आणि दोन चांगले असतील, तर फेज गेला होता. आणि एक गट करपलेला, बाकीचे थोडे तांबूस, असे दिसले तर दाबाची विषमता. आमच्या पंपाचे निदान हे तिसरे होते. तेव्हा मोटर भरावयास टाकली, तर जुनी वेटोळी काढण्यापूर्वी ती पाहून घ्यावीत, शक्य तर त्यांचे छायाचित्र घ्यावे. तो पुरावा एकदा भंगारात गेला म्हणजे परत मिळत नाही.

ही विषमता येते कोठून? पुष्कळशी आपल्याच डीपीवरून. घरोघरची जोडणी एकेका फेजवर असते, आणि वायरमनने सोयीप्रमाणे बहुतेक घरे एकाच फेजवर घातली असतील, तर सायंकाळी त्या फेजचा दाब खाली बसतो. फाटके आणि ग्रिल बनविणाऱ्याचा वेल्डिंगचा सेट दोन तारांवर चालतो, त्याने कांडी टेकविली की त्या जोडीचा दाब खचकन उतरतो. सैल झालेला जोड, स्टार्टरचे करपलेले कॉन्टॅक्ट, किटकॅटमध्ये घातलेली भलतीच तार, हीही कारणे आहेत, आणि ती तर मालकाच्या स्वतःच्या भिंतीवरची आहेत. विद्युतीकरण झालेली रेल्वेदेखील २५,००० व्होल्टचा एकेरी पुरवठा घेते आणि तो दोन तारांतूनच घ्यावा लागतो. म्हणून लागोपाठच्या उपकेंद्रांना तारांच्या जोड्या आळीपाळीने वाटून देतात. वरच्या पातळीवर एवढी काळजी घेतली जाते, आणि गावच्या डीपीवर मात्र कोणती घरे कोणत्या फेजवर आहेत याची वही नसते.

कंडेन्सरविषयीही बोलले पाहिजे. शेतीच्या फीडरवर काही तास एकेरी पुरवठाच ठेवण्याची पद्धत महाराष्ट्रात व कर्नाटकात बरीच रूढ होती. पुढे या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत गावठाणाचा आणि शेतीचा फीडर वेगळा करण्याच्या योजना दोन्ही राज्यांनी हाती घेतल्या. त्या एकेरी तासांत कंडेन्सर लावून तीन फेजची मोटर चालविण्याची युक्ती शेतकऱ्यांनी शोधून काढली. युक्ती म्हणून ती हुशारीची आहे, आणि वाळत्या उसाकडे पाहणाऱ्या माणसाला त्याबद्दल बोल लावणे मला जड जाते. पण कंडेन्सरने उभी केलेली ही तिसरी फेज एका विशिष्ट भारापुरतीच जेमतेम समान असते. भार बदलला की विषमता आलीच. शिवाय असे दहा पंप एका फेजवर ओढू लागले, म्हणजे शेजाऱ्यांचाही दाब बिघडतो.

पूर्वी घरातला दिवा हे सारे सांगत असे. ट्रान्सफॉर्मरच्या ११,००० व्होल्टच्या बाजूचा एक फ्यूज गेला, की खालच्या बाजूला एका फेजवर पूर्ण दाब आणि दोहोंवर सुमारे निम्मा दाब येतो. तारेचे जुने बल्ब असताना गावातील दोन-तृतीयांश घरांत दिवे मिणमिणू लागत, आणि कोणीतरी धावत जाऊन विहिरीवरची मोटर बंद करी. आताचे एलईडी दिवे पुष्कळदा निम्म्या दाबावरही तसेच उजळ राहतात. वीज वाचली, पण ही सूचना हरवली.

संरक्षणासाठी प्रिव्हेंटर मिळतो. तो घेताना नुसता दाब पाहणारा घेऊ नये. चालती मोटर गेलेल्या फेजचा दाब स्वतःच बऱ्याच अंशी उत्पन्न करते, आणि असा प्रिव्हेंटर तिन्ही फेज शाबूत आहेत असे समजून फसतो. प्रवाह पाहणारा प्रिव्हेंटर फसत नाही. बोअरच्या पाणबुडी मोटरीला तर तो हवाच, कारण तिचा आवाजही ऐकू येत नाही आणि तिला हातही लावता येत नाही.

दोष वीजपुरवठ्यात आहे की मोटरीत, हा वाद मात्र मिटविता येतो, आणि त्यासाठी मोठे यंत्र लागत नाही. परवानाधारक वायरमनकडून टाँग टेस्टरने तिन्ही तारांतील प्रवाह मोजून घ्यावा आणि लिहून ठेवावा. मग मेन बंद करून, मोटरीच्या तिन्ही तारा एकेक घर पुढे सरकवाव्यात, म्हणजे पहिली दुसरीच्या जागी, दुसरी तिसरीच्या आणि तिसरी पहिलीच्या. तिन्ही एकाच क्रमाने सरकल्यामुळे मोटरीची फिरण्याची दिशा बदलत नाही. पुन्हा मोजावे, पुन्हा सरकवावे, तिसऱ्यांदा मोजावे. सर्वांत जास्त प्रवाह दर वेळी पुरवठ्याच्या त्याच तारेवर राहिला, तर दोष पुरवठ्याचा. तो मोटरीच्या तारेबरोबर जागा बदलीत गेला, तर दोष मोटरीचा किंवा तिच्या केबलचा. हे मोजमाप दोनदा करावे : एकदा पहाटे, गाव झोपलेले असताना, आणि एकदा सायंकाळी सात-आठच्या सुमारास, भार अधिक असताना. हे आकडे, तारीख आणि वेळ घालून, डीपीच्या क्रमांकासह लेखी अर्जात द्यावेत आणि अर्जाची पोच घ्यावी. "व्होल्टेज कमी आहे" या तोंडी तक्रारीवर लाइनमन फार तर फ्यूज पाहून जातो. अमुक फेजवर सायंकाळी इतका दाब आणि दुसऱ्यावर इतका, असे लिहून दिले, तर त्याला घरांच्या जोडण्या एका फेजवरून दुसऱ्या फेजवर हलवाव्या लागतात. आणि ते काम एका दुपारचे आहे.